मालिंत्सिन

मालिंत्सिन : (सु. १५०० – सु. १५२८). स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस याच्या मेक्सिकोवरील स्वारीतील (१५१९–२१) दुभाषी. मालिंचे व दोन्या मारिना या नावांनीही परिचित. जन्म मेक्सिकोच्या आखातालगतच्या कोआत्साकोआल्कोस परिसरात, नाउआत्ल बोलणाऱ्या प्रतिष्ठित घराण्यात. गावाचे नाव एका बखरकाराने पाइनाला दिले आहे, दुसऱ्याने ओलुत्ला. तिने स्वतः लिहिलेले वा लिहवून घेतलेले काही उपलब्ध नाही.

नाव : नाउआत्ल भाषेत ‘र’ हा वर्ण नाही. बाप्तिस्म्यात मिळालेले ‘मारिना’ हे नाव त्यामुळे ‘मालिना’ झाले आणि त्याला ‘-त्सिन’ हा आदरार्थी प्रत्यय लागला. मराठीत नावापुढे ‘बाई’ किंवा ‘जी’ लागतो तसा. त्याच्या संबोधनरूपावरून स्पॅनिश लोकांनी ‘मालिंचे’ केले. तिचे मूळ नाव ‘मालिनाल्ली’ (पंचांगातील एक दिवस, शब्दशः पिळलेले गवत) होते असे अनेक ग्रंथांत असते, पण ते मागाहून जुळवलेले दिसते. स्थानिक लोक कोर्तेसलाही ‘मालिंचे’ म्हणून हाक मारीत, म्हणजे मालिंत्सिनचा धनी. दासी म्हणून दिल्या गेलेल्या मुलीच्या नावाला आदरार्थी प्रत्यय लागावा आणि सेनापती तिच्या नावाने ओळखला जावा, ही बाब पुढील वादांत अनेकदा दुर्लक्षित राहिली आहे.

पूर्वायुष्य : बेर्नाल दीयास या सैनिक-बखरकाराच्या मते वडील वारल्यावर आईने दुसरे लग्न केले, मुलगा झाला आणि वारसाची अडचण नको म्हणून मुलीला रातोरात शिकालांगोच्या लोकांच्या हवाली केले. दुसरा बखरकार लोपेस दे गोमारा म्हणतो, व्यापाऱ्यांनी तिला पळवले. कसेही असो, ती पोतोंचान येथील चोंताल माया लोकांकडे दासी झाली आणि तेथे मायाभाषा शिकली. मार्च १५१९ मध्ये सेंत्लाच्या लढाईत हरल्यावर तेथील सरदारांनी स्पॅनिशांना वीस स्त्रिया दिल्या. त्यांत ही होती. कोर्तेसने तिला प्रथम आपल्या एका सरदाराला दिले. तो जुलैत स्पेनला निघून गेल्यावर स्वतःकडे ठेवले.

दुभाषाचे काम : आरंभी कोर्तेसजवळ हेरोनिमो दे आगिलार हा दुभाषा होता. १५११ मध्ये जहाज फुटून युकातानात अडकलेल्या या पाद्र्याला माया येत होती, नाउआत्ल नव्हती. त्यामुळे कोर्तेस स्पॅनिशमध्ये बोले, आगिलार ते मायात सांगे, मालिंत्सिन नाउआत्लमध्ये. उत्तर त्याच वाटेने उलट येई. एका वाक्याला दोनदा कात टाकावी लागे. काही महिन्यांत ती स्पॅनिश शिकली आणि आगिलारची गरज उरली नाही.

केवळ नाउआत्ल येणे पुरेसे नव्हते. दरबारी नाउआत्ल (तेक्पिल्लातोल्ली) ही वेगळी शिकावी लागणारी बोली होती. आदरार्थी प्रत्ययांचे थर, आडवळणे आणि म्हणायचे त्याच्या उलट म्हणण्याची रीत ही तिची लक्षणे. थोर माणूस स्वतःला क्षुद्र म्हणवी. ती ही बोली पेलू शकली, यावरून तिच्या उच्च कुळाला दुजोरा मिळतो. ८ नोव्हेंबर १५१९ रोजी मेशिकांच्या (अ‍ॅझटेकांच्या) तेनोच्तित्लान या राजधानीच्या वेशीवर त्यांचा राजा मोक्तेसुमा याने केलेले स्वागताचे भाषण राज्य स्वाधीन केल्याची कबुली म्हणून कोर्तेसने आपल्या सम्राटाला कळवले. तो बहुधा शिष्टाचार होता. ‘घर आपलेच आहे’ असे म्हणणारा पुण्याजवळच्या खराडीतला शेतकरी यजमान सातबारा पाहुण्याच्या नावे करीत नाही. अर्थाचा हा पालट मालिंत्सिनच्या तोंडी झाला की कोर्तेसच्या लेखणीत, हा प्रश्न उरतो. पालट ज्याच्या फायद्याचा होता त्याच्याकडे संशयाची सुई अधिक वळते.

कोर्तेसने तिला श्रेय फारसे दिले नाही. सम्राटाला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (१५२०) ती फक्त ‘माझी जीभ, या देशातली एक इंडियन बाई’ अशा अर्थाने येते. नाव पाचव्या पत्रात (१५२६) उमटते. दुभाषाला ‘जीभ’ म्हणण्याची हीच चाल पोर्तुगीजांचीही होती. गोव्यातील सरकारी दुभाषांना त्यांच्या कागदांत ‘लिंग्वा’ म्हटले आहे.

चोलुला : ऑक्टोबर १५१९ मध्ये चोलुलात स्पॅनिश व त्यांच्या मित्रपक्षातील त्लाश्काल्तेक फौजांनी मोठी कत्तल केली. एका वृद्धेने मालिंत्सिनला स्थानिकांचा कट सांगितला आणि तिने तो पुढे पोहोचवला, असे स्पॅनिश साधने म्हणतात. कट खरा होता की कत्तलीचे समर्थन म्हणून रचला गेला, याबद्दल एकमत नाही.

चित्रे : ‘लिएन्सो दे त्लाश्काला’ (सु. १५५२) या कापडी चित्रपटाचे मूळ हरवले असून प्रती उरल्या आहेत. त्यांत ती अनेक प्रसंगांत कोर्तेसच्या शेजारी, काही ठिकाणी त्याच्याहून ठळक, हात पुढे करून बोलताना दिसते. साआगुन या धर्मोपदेशकाच्या ‘फ्लोरेन्स कोडेक्स’च्या बाराव्या खंडात राजवाड्याच्या गच्चीवरून ती मेशिकांना अन्नपाणी आणण्याची आज्ञा देते. त्लाश्कालाजवळील ४,४६१ मीटर उंचीच्या ज्वालामुखीला तिचे नाव आहे.

उत्तरायुष्य : १५२४ मध्ये होंडुरासच्या मोहिमेवर असताना कोर्तेसने तिचे आपला सरदार हुआन हारामियो याच्याशी लग्न लावले. मृत्यू पूर्वी १५५१ च्या सुमारास मानत. आता १५२९ पूर्वीचा मानतात.

प्रतिमा व वाद : वसाहतकाळात तिच्याविषयी तिरस्कार दिसत नाही. मेक्सिको १८२१ मध्ये स्वतंत्र झाला आणि राष्ट्राला फितूर हवा झाला. १८२६ च्या ‘हिकोतेंकात्ल’ या निनावी कादंबरीपासून ती खलनायिका बनली. ‘मालिंचिस्ता’ म्हणजे परक्यांच्या वस्तूंना भुलणारा. ओक्ताव्हिओ पास यांनी (हेच पुढे १९६२ ते १९६८ भारतात मेक्सिकोचे राजदूत होते) १९५० मधील ग्रंथात तिला अत्याचारित आईचे प्रतीक केले. सत्तरच्या दशकापासून अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या लेखिकांनी आणि २००६ मध्ये इतिहासकार कॅमिला टाउनसेंड यांनी ती मांडणी नाकारली. नोंदकर्त्याला टाउनसेंड यांचा मुद्दा बिनतोड वाटतो : तिचा प्रदेश मेशिकांच्या साम्राज्याबाहेर होता, तिला दासी करणारे स्थानिकच होते आणि ‘मेक्सिको’ नावाचे राष्ट्र जन्मालाच यायचे होते. मग फितुरी कोणाशी?

मराठी मुलूख : येथे इतकी नोंदलेली स्त्री दुभाषी नाही, पुरुष मध्यस्थ आहेत. १६७४ मध्ये हेन्री ऑक्झेंडनच्या वकिलातीबरोबर रायगडावर गेलेला नारायण शेणवी हा त्यांपैकी एक. बदनामीत मालिंत्सिनच्या जवळ जाणारे नाव बाळाजीपंत नातू यांचे. नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रज जनरल स्मिथची फौज नगरकडून पुण्याकडे आली आणि येरवड्याच्या लढाईनंतर १७ तारखेला पेशव्यांच्या शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढले. ते नातूंनी चढवले अशी आख्यायिका आहे. त्याच घराण्यातील दोघा बंधूंना १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँडच्या खुनानंतर इंग्रजांनी विनाचौकशी अटकेत टाकले, हे लोकस्मृतीत तितके टिकले नाही.

अपत्ये : हारामियोपासून मारिया. कोर्तेसपासून मार्तीन (ज. सु. १५२२), ज्याला सातव्या क्लेमेंट पोपने १५२९ मध्ये औरस ठरवले. १५६८ मध्ये बंडाच्या कटाच्या आरोपावरून त्याचा पाणी पाजून छळ करण्यात आला. सांगितले त्याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही, एवढेच तो म्हणत राहिला.