‘पेशवाई लूक’ घालण्याआधी जुन्नरचा इतिहास वाचा



१९ फेब्रुवारी जवळ आली की आपल्या जुन्नर-आंबेगावात शिंप्याकडे आणि कपड्यांच्या दुकानात एकच मागणी असते. मुलींना शिवलेली नऊवारी, खणाचे ब्लाउज, जरीचा शेला, नथ, चंद्रकोर आणि मुलांना अंगरखा, फेटा. आता त्यात कॉर्सेट ब्लाउजही आले. युरोपातल्या जुन्या कॉर्सेटसारखे नाडीने आवळायचे आणि वर पैठणीचा काठ लावायचा. २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपट आला, तेव्हापासून या सगळ्याला एकच नाव चिकटले आहे: ‘पेशवाई लूक’.

पहिला प्रश्न साधा आहे. शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला १६३० साली. भट घराण्याकडे पेशवेपद आले १७१३ साली. मग शिवजयंतीच्या कपड्यांना पेशवाईचे नाव कशासाठी? छत्रपतींच्या जन्मभूमीत उत्सव छत्रपतींचा आणि नाव पेशव्यांचे, ही चूक नकळत होत असली तरी ती चूकच आहे.

दुसरा प्रश्न आपला आहे. त्या पेशवाईत आपल्या पणजोबांच्या पणजोबांचा ‘लूक’ कसा होता? बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ मध्ये तो नोंदवून ठेवला आहे. मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा, पुण्यात कमरेला झाडू आणि थुंकीसाठी गळ्यात मडके. हासुद्धा पेशवाई पेहरावच होता. तो कोणी शिवायला टाकत नाही.

त्याच ग्रंथात इंदूर भागातल्या बलाई समाजाची हकीकत आहे. १९२८ साली तिथल्या सवर्णांनी बलाईंवर नियम लादले. पुरुषांनी जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, नक्षीदार घागरा-चोळी घालायची नाही. बलाईंनी हे मानले नाही, तेव्हा त्यांचे पाणी तोडले, वाटा अडवल्या, शेते उद्ध्वस्त केली. एका जरीच्या काठासाठी माणसांना गाव सोडावे लागले!

दक्षिणेकडे त्रावणकोरात नाडर स्त्रियांनी अंग झाकण्याच्या हक्कासाठी अनेक वर्षे लढा दिला. १८५९ साली राजाने परवानगी दिली, पण अट घातली की वरच्या जातीच्या बायकांसारखे वस्त्र घ्यायचे नाही. म्हणजे अंग झाका, पण जात दिसली पाहिजे.

हा सगळा कायदा आला कुठून? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांचा पेहराव ठरवून दिला आहे: मेलेल्यांची वस्त्रे आणि लोखंडाचे दागिने. बाबासाहेबांच्या उपस्थितीत २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला या ग्रंथाचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. तुमची लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे दागिन्यांचे ओझे हीच अस्पृश्यतेची खूण बनली आहे, ती बदला, असे त्यांनी सांगितले. चित्रे आणि टिपणीस कुटुंबांतल्या स्त्रियांनी त्यांना नव्या पद्धतीने लुगडे नेसायला मदत केली. ग्रंथ पुरुषांनी जाळला असेल, पण तो अंगावरून उतरवला आपल्या आज्यांनी.

आता आपल्या जुन्नरकडे या. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा लेणी आणि शिवनेरीच्या कड्यातली लेणी ही सातवाहन काळापासूनची बौद्ध लेणी आहेत. आज जिथे गिरिजात्मजाचे दर्शन घेतात, ते लेण्याद्रीचे सात क्रमांकाचे लेणे मुळात भिक्खूंचे विहार आहे. जुन्नरच्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख आहे, यवन दात्यांची नावे आहेत. नाशिकच्या लेण्यातला उषवदाताचा लेख तर सांगतो की त्याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेवले आणि त्यातल्या २००० च्या व्याजातून भिक्खूंच्या चीवराचा खर्च भागवायचा होता.

या चीवराची गोष्ट लक्षात ठेवा. स्मशानात टाकलेल्या, उकिरड्यावर पडलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून भिक्खू पांसुकूल चीवर करत. त्याच्या तुकड्यांची मांडणी मगधातल्या शेतांच्या बांधांसारखी होती. त्यात राजपुत्र होते, न्हावी होते, भंगीकाम करणारा सुनीतही होता.

मेलेल्याचेच कापड. मनूने ते चांडाळावर लादले, तेव्हा तो अपमान झाला. बुद्धाच्या संघाने ते स्वतः निवडले आणि सर्वांनी सारखे पांघरले, तेव्हा ती समता झाली. कापड कोणते यापेक्षा ते कोणी ठरवले, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून आपल्यातले काही कार्यकर्ते मुलींना ‘नऊवारी नेसू नका, ती त्यांची आहे’ असे सांगतात, ते मला पटत नाही. नऊवारी शेतात राबणाऱ्या बाईचीही होती. आणि ज्या जरीसाठी बलाईंनी बहिष्कार सोसला, ती आपण आपणहून का सोडायची? बाबासाहेब सूट घालून उभे राहिले, तेव्हा त्यांनी कोणाची परवानगी मागितली नव्हती.

तेव्हा मुलींनो, नऊवारी नेसा, कॉर्सेट शिवा, नथ घाला, नको असेल तर जीन्सवर गडावर जा. फक्त तीन गोष्टी करा. त्याला ‘पेशवाई’ म्हणू नका. एका दिवसाच्या पेहरावासाठी घरात कर्ज करू नका. आणि शिवनेरी उतरल्यावर त्याच कपड्यांत लेण्यांकडे जा, भिंतीवरची ती ब्राह्मी अक्षरे पाहा. त्यांत बांबू कामगारांचा, कासारांचा उल्लेख आहे. इतिहासाचा पेहराव करायचा, तर आधी आपला इतिहास कोणता ते माहीत हवे.

जय शिवराय! जय भीम!