अविभाज्यता-परीक्षण आणि गणन-जटिलता

अविभाज्यता-परीक्षण : १ हून मोठी अशी एखादी पूर्णांक संख्या अविभाज्य (मूळ) आहे किंवा नाही, हे ठरविण्याच्या रीतीस अविभाज्यता-परीक्षण म्हणतात. व्याख्येच्या दृष्टीने या प्रश्नात अवघड असे काही नाही. दिलेल्या संख्येस २ पासून तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सर्व संख्यांनी भागून पाहावे. एकदाही निःशेष भाग गेला नाही, तर ती अविभाज्य होय. उत्तर मिळणार हे निश्चितच असते. ते किती श्रमांत मिळेल, हा खरा प्रश्न आहे. गणनरीतीची कार्यक्षमता कशी मोजावी या विचाराचा, म्हणजेच गणन-जटिलतेच्या सिद्धांताचा, विकास समजून घेण्यास यामुळे हा विषय विशेष सोयीचा ठरतो.

श्रम मोजताना संख्येचे मूल्य विचारात न घेता ती लिहिण्यास लागणारे अंक विचारात घेतात, कारण गणन करणाऱ्यापुढे प्रत्यक्षात अंकच असतात. भागून पाहण्याच्या वरील रीतीत संख्येत दोन अंकांची भर पडली की श्रम सुमारे दहापट होतात. शंभर अंकी संख्येसाठी १ वर ५० शून्ये इतक्या भागाकारांची वेळ येऊ शकते. सेकंदास एक अब्ज भागाकार करणारे यंत्र घेतले, तरी १ वर ४१ शून्ये इतके सेकंद लागतील. विश्वाचे वय १ वर १८ शून्ये एवढ्या सेकंदांचेही नाही. अंकांच्या प्रमाणात श्रमांची अशी गुणाकाराने होणारी वाढ ‘घातांकीय’ होय. उलट, श्रम अंकसंख्येच्या एखाद्या ठराविक घाताच्या (वर्ग, घन इ.) मर्यादेत राहत असतील, तर त्या रीतीस ‘बहुपदी’ रीती म्हणतात.

हा भेद प्राचीनांनी शब्दांत मांडला नसला, तरी त्यांच्या काही रीती दुसऱ्या प्रकारात मोडतात. यूक्लिड (इ. स. पू. सु. ३००) यांची दोन संख्यांचा महत्तम साधारण विभाजक काढण्याची रीती यांपैकीच असून परस्परभागाकाराचे हेच तत्त्व आर्यभटांच्या (इ. स. ४९९) कुट्टकातही आढळते. फ्रेंच गणितज्ञ गाब्रीएल लामे यांनी १८४४ मध्ये असे सिद्ध केले की, यूक्लिड यांच्या रीतीत भागाकारांची संख्या लहान संख्येच्या अंकसंख्येच्या पाचपटीहून कधीही अधिक होत नाही. म्हणजे शंभर अंकी संख्यांसाठी फार तर पाचशे भागाकार! एखाद्या गणनरीतीस कमाल किती पायऱ्या लागतील याचे काटेकोर विश्लेषण म्हणून लामे यांच्या या लहानशा निष्कर्षास मोठे ऐतिहासिक महत्त्व आहे. त्या काळात मात्र त्यातून स्वतंत्र शास्त्र उभे राहिले नाही.

अविभाज्यतेच्या बाबतीत पहिला उपयुक्त धागा प्येअर द फेर्मा यांच्या १६४० मधील प्रमेयाने दिला. न ही संख्या अविभाज्य असेल आणि अ या संख्येस तिने निःशेष भाग जात नसेल, तर अ च्या (न – १) व्या घातास न ने भागल्यास बाकी १ उरते. बाकी १ नसेल, तर एकही विभाजक न शोधता न ही संख्या विभाज्य ठरते. येथील प्रचंड घात काढणे भासते तितके कष्टाचे नाही. घातांक निम्मा करीत जाऊन वारंवार वर्ग केल्यास शंभर अंकी संख्येसाठी सातशेहून कमी गुणाकार पुरतात. घातांक निम्मा करण्याची ही युक्ती २ च्या घातांपुरती पिंगलांच्या छंदःशास्त्रात आलेली आहे. या कसोटीत उणीव एवढीच की, काही विभाज्य संख्याही तिच्यातून निसटतात. उदा., ५६१ ही संख्या ३, ११ व १७ यांचा गुणाकार असूनही तिच्याशी सामाईक विभाजक नसलेल्या प्रत्येक अ साठी बाकी १ च येते. अशा संख्यांना रॉबर्ट कारमायकेल यांचे नाव मिळाले असून त्या अनंत आहेत, हे १९९४ मध्ये सिद्ध झाले.

विभाज्य आहे हे कळणे आणि विभाजक सापडणे या गोष्टी किती भिन्न आहेत, हे एका संख्येच्या कथेवरून स्पष्ट होते. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा करून येणारी संख्या अविभाज्य असल्याचे मारँ मेर्सेन यांनी १६४४ मध्ये म्हटले होते. एद्वार ल्यूका यांनी १८७६ मध्ये ती विभाज्य असल्याचे दाखविले. परंतु तिचे विभाजक त्यांना ठाऊक नव्हते. ते १९०३ मध्ये फ्रँक कोल यांनी दिले : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. ल्यूका यांनीच १८७६ मध्ये २ च्या १२७ व्या घाताहून १ ने लहान असलेली ३९ अंकी संख्या अविभाज्य असल्याचे दाखविले. ज्ञात अविभाज्य संख्यांतील सर्वांत मोठी हा तिचा मान १९५१ पर्यंत टिकला.

कूर्ट गोडेल यांनी मार्च १९५६ मध्ये जॉन फोन नॉयमान यांना लिहिलेल्या पत्रात प्रमेयांच्या सिद्धता शोधण्यास किती पायऱ्या लागतील असा प्रश्न केला व त्याच ओघात अविभाज्यता ठरविण्याचाही उल्लेख केला. हे पत्र पुढे तीन दशके अज्ञातच राहिले. दरम्यान १९६५ च्या सुमारास ॲलन कॉबम व जॅक एडमंड्स यांनी बहुपदी रीतीसच कार्यक्षम मानावे, असा विचार स्वतंत्रपणे मांडला. युरिस हार्टमानिस व रिचर्ड स्टर्न्स यांच्या १९६५ मधील निबंधामुळे या शाखेस ‘गणन-जटिलता’ हे नावही रूढ झाले. ही व्याख्या काहीशी ढोबळ आहे. शंभराव्या घाताची रीती बहुपदी असूनही निरुपयोगी असते. तथापि तिच्यामुळे प्रश्नांचे वर्गीकरण यंत्राच्या वेगावर अवलंबून राहिले नाही, हा तिचा मोठा लाभ होय.

या व्याख्येनुसार अविभाज्यता-परीक्षण कोठे बसते, हे ठरण्यास मात्र वेळ लागला. एखादी संख्या अविभाज्य असल्यास तसा थोडक्यात पडताळता येणारा पुरावा असतो, हे व्हॉन प्रॅट यांनी १९७५ मध्ये दाखविले. गॅरी मिलर यांची रीती बहुपदी होती, पण तिचा आधार विस्तारित रीमान गृहीतकावर होता आणि ते असिद्ध आहे. मायकेल रेबिन यांनी या रीतीत यदृच्छेने निवडलेल्या संख्या वापरून गृहीतकाची गरज टाळली. मिलर-रेबिन कसोटीच्या एका फेरीत विभाज्य संख्या निसटण्याची संभाव्यता फार तर एक-चतुर्थांश असते, पन्नास फेऱ्यांनंतर ती १ वर ३० शून्ये इतक्यांत एकाहूनही कमी उरते. व्यवहारास एवढी खात्री पुरेशी आहे. गणितज्ञांना ती सिद्धता म्हणून पुरेशी वाटली नाही. लेनर्ड ॲडलमन, कार्ल पॉमरन्स व रॉबर्ट रूमली यांची १९८३ मधील निश्चित उत्तर देणारी रीती बहुपदी मर्यादेच्या अगदी जवळ पोचली, पण आत आली नाही.

हा प्रश्न सुटला तो कानपूर येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेत. मणींद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी ऑगस्ट २००२ मध्ये कोणत्याही गृहीतकावर वा यदृच्छेवर अवलंबून नसलेली बहुपदी रीती प्रसिद्ध केली. कयाल व सक्सेना यांचा पदवी अभ्यासक्रम त्याच वर्षी पूर्ण झाला होता. या रीतीचे मूळ अगरवाल व सोमनाथ बिस्वास यांच्या १९९९ मधील कार्यात आहे. न अविभाज्य असेल, तर (क्ष + अ) चा न वा घात आणि क्ष चा न वा घात अधिक अ या दोन बहुपदींच्या सहगुणकांतील फरकांस न ने निःशेष भाग जातो. अ व न यांत सामाईक विभाजक नसल्यास याचा व्यत्यासही खरा असतो. पण या विस्तारात न हून अधिक पदे असल्याने तो तपासणे अशक्यप्राय असते. म्हणून दोन्ही बहुपदींना क्ष च्या लहानशा र व्या घातातून १ वजा केलेल्या बहुपदीने भागून केवळ बाक्यांची तुलना करावी, आणि अ च्या मोजक्याच किंमती घ्याव्यात, अशी ही योजना आहे. र योग्य निवडल्यास एवढ्याने भागते, हे सिद्ध करणे हाच शोधाचा गाभा होय. सिद्धता इतकी प्राथमिक साधनांनी झालेली पाहून तज्ञांनाही आश्चर्य वाटले. मूळ आवृत्तीत श्रम अंकसंख्येच्या सुमारे बाराव्या घाताच्या मर्यादेत होते. २००४ मध्ये ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स या नियतकालिकात आलेल्या निबंधात ही मर्यादा साडेदहाव्या घातापर्यंत उतरली आणि हेंड्रिक लेन्स्ट्रा व पॉमरन्स यांच्या सुधारणेने ती सुमारे सहाव्या घातापर्यंत आली. तिघा संशोधकांना २००६ मध्ये गोडेल पारितोषिक मिळाले. प्रत्यक्ष वापरात मिलर-रेबिन कसोटीच अधिक वेगवान असल्याने तिची जागा या रीतीने घेतलेली नाही.

विभाजक शोधण्याच्या प्रश्नावर या शोधाचा काहीच परिणाम झाला नाही. रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर व ॲडलमन यांनी १९७७ मध्ये योजलेली गुप्तलेखन-पद्धती नेमक्या याच तफावतीवर उभी आहे : दोन मोठ्या अविभाज्य संख्या मिळविणे सोपे, पण त्यांच्या गुणाकारावरून त्या ओळखणे दुष्कर. त्यांनी त्याच वर्षी आव्हान म्हणून दिलेल्या १२९ अंकी संख्येचे विभाजक १९९४ मध्ये अनेक देशांतील शेकडो स्वयंसेवकांच्या संगणकांनी मिळून काढले आणि अशाच एका २५० अंकी संख्येचे विभाजक २०२० मध्ये सापडले. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये पुंजयामिकीवर आधारलेल्या संगणकासाठी विभाजक काढण्याची बहुपदी रीती दिली आहे. नेहमीच्या संगणकासाठी अशी रीती आहे किंवा नाही, हे अद्याप सिद्ध झालेले नाही.