आरमारातली नोकरी : निवड आणि तयारी

कोकणातल्या मुसलमानांचे दर्याशी नाते जुने. १९३४ साली 'रॉयल इंडियन मरीन'चे 'रॉयल इंडियन नेव्ही' असे नामांतर झाले, त्याच्या आधीपासून खलाशांची भरती मोठ्या प्रमाणावर रत्नागिरीकडच्या मुसलमानांतून होत असे. दर्याची सवय हीच त्यांची मोठी लायकी होती.

दुसऱ्या महायुद्धाने हे चित्र पालटले. आता तारायंत्र, रडार, पाणतीर, इंजिन यांची जाणकार माणसे हवी होती. कामागणिक शाळा निघाल्या. तोफांची 'हिमालय' आणि रडारची 'चमक' कराचीत, पाणतीरांची 'वलसुरा' जामनगरला, यंत्रकामाची 'शिवाजी' लोणावळ्यात, संदेशवहनाची 'तलवार' मुंबईत कुलाब्याला. भरती होणाऱ्यापुढे 'आरमारात जायचे का?' एवढाच प्रश्न उरला नाही, 'कोणत्या कामासाठी?' हाही आला. त्याचे उत्तर बरेचसे शाळेतल्या गणित-इंग्रजीवर ठरू लागले.

याच 'तलवार'वर १८ फेब्रुवारी १९४६ रोजी नाविकांनी संप पुकारला. निकृष्ट अन्न, गोऱ्यांपेक्षा कमी पगार, अधिकाऱ्याची शिवीगाळ आणि युद्धानंतरच्या पोटापाण्याची चिंता ही कारणे होती. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग. दोघेही संदेशवहन शाखेचे. बिनतारी यंत्रे यांच्याच हाती, म्हणून बातमी जहाजांवर झपाट्याने पोचली. २३ फेब्रुवारीला संप मागे घेतला गेला. हिंदू, मुसलमान, शीख नाविक एकत्र उभे राहिले, ही त्याची खरी कमाई.

आपल्या मुलांसाठी यात दोन धडे आहेत. पहिला अटींचा. २०२२ साली आलेल्या 'अग्निपथ' योजनेत नोकरी चार वर्षांची असते. पुढे जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांनाच कायम केले जाते. तेव्हा पाचव्या वर्षी काय करायचे, हे घरात आधीच बोलायला हवे. दुसरा तयारीचा. ओडिशातल्या 'चिल्का' केंद्रावर पोचण्याआधी लेखी परीक्षा आणि १.६ किलोमीटरची दौड पार करावी लागते. दौडीचा सराव पहाटे मैदानावर होईल. पण दहावीनंतर गणित आणि पदार्थविज्ञान सोडले, तर तांत्रिक कामांची वाट तिथेच अरुंद होते. उर्दू माध्यमाच्या मुलाने या विषयांचे हिंदी-इंग्रजी शब्द आठवीपासूनच सोबत शिकावेत.

मार्च २०२३ मध्ये चिल्काहून बाहेर पडलेल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीत २७३ मुली होत्या. म्हणून हा विचार मुलींच्या घरातही व्हावा. दर्या आपल्याला परका नाही. मात्र आता त्याची वाट वर्गातून जाते.