उभा जोर, आडवा जोर

यंत्रकामात नव्याने येणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो. पैसे एकाच मशीनपुरते आहेत, तर ड्रिल घ्यावे की मिलिंग? दिसायला दोघे भाऊभाऊच. वर मोटर, मध्ये स्पिंडल, खाली टेबल. मग ड्रिलच्या टेबलावर क्रॉस व्हाइस बसवून तिथेच मिलिंग का उरकू नये, हा मोह होतोच. पुढच्या प्रकरणांकडे वळण्याआधी तो मोह नीट तपासू.

खरा फरक जोराच्या दिशेत आहे. भोक पाडताना जोर उभा, स्पिंडलच्या रेषेत लागतो. चक टेपरवर केवळ घर्षणाने बसलेला असतो आणि तुम्ही जितके दाबाल तितका तो घट्ट होतो. एंड मिल मात्र कुशीने कापते. तिचा प्रत्येक दात जॉबला आपटतो आणि स्पिंडलला बाजूला रेटतो. शिवाय नेहमीच्या मळसूत्री खाचांमुळे कटर खाली ओढला जातो. म्हणजे टेपर आवळणारा दाब गेला, उरली ती सोडवणारी ओढ आणि थरथर. ॲल्युमिनियमवर पहिला हलका कट निभावतो. हुरूप येऊन माइल्ड स्टीलला हात घातला, की फिरता चक कटरसकट टेबलावर उतरू शकतो. हे प्रकरण चष्मा घालूनही धोक्याचेच. मिलिंगमध्ये टूल वरून ड्रॉबारने खेचून धरलेले असते. तिथला ७:२४ चा टेपर तर मुळातच सहज सुटणारा. ड्रॉबारशिवाय त्याचा भरवसा नाही.

दोघांचे जुने नातेही मजेचे आहे. ट्विस्ट ड्रिलच्या खाचा पूर्वी कारागीर कानशीने घासत. ती मेहनत वाचवण्याच्या खटपटीतून अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरी जोसेफ ब्राउन यांनी १८६२ च्या सुमारास युनिव्हर्सल मिलिंग मशीन उभे केले. साधी मिलिंग यंत्रे त्याआधीही होती, पण आज आपण ज्या टेबलाशी खेळतो त्याची मूळ गरज ड्रिलच्या खाचांची होती.

आता अचूकपणा. एम१० बोल्टसाठी फ्लॅंजला ११ मिलिमीटरचे भोक ठेवले, तर सेंटर पंच पाव मिलिमीटर सरकला तरी बोल्ट मुकाट्याने जातो. डॉवेल पिन ही सवलत देत नाही. तिथे मिलिंगचे टेबल हवे. ५ मिलिमीटर पिचचा स्क्रू आणि १०० भागांची डायल असेल, तर एक रेघ म्हणजे ०.०५ मिलिमीटर. अट एवढीच की बॅकलॅश काढण्यासाठी दर वेळी एकाच बाजूने यावे. नवशिके नेमके हेच विसरतात आणि दोष मशीनला देतात.

माझे मत विचाराल तर कोल्हापूरच्या शिरोलीत किंवा पुण्याच्या भोसरीत बसलेल्या माणसाने आधी चांगले पिलर ड्रिल घ्यावे. मिलिंग शेजारच्या शेडमध्ये जॉबवर्कवर करून मिळते. आडगावी, जिथे असा शेजार नाही, तिथे मात्र उलट हिशेब: मिलिंगवर भोकेही पडतात, ड्रिलवर खाच निघत नाही. पुस्तक पुढे वाचण्यापूर्वी गेल्या वर्षभराची तुमची ड्रॉइंग्ज काढा आणि त्यांत भोके किती, कीवे आणि सपाट तोंडे किती, ते मोजून ठेवा.