चोरून पाहिलेले सिनेमे आणि आमची लाज



मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं चालू होती, तेव्हा एका तरुण श्रोत्याने विचारलं, "सर, तुमचा गिल्टी प्लेझर सिनेमा कोणता?" वेळ संपत आली होती, म्हणून आम्ही सुटलो. पण घरी गेल्यावर तो प्रश्न काही आम्हाला सोडेना. तेव्हा आजचं व्याख्यान त्यावरच.

उत्तर आधी देऊन टाकतो. दादा कोंडके यांचे 'सोंगाड्या' आणि 'पांडू हवालदार'. हे दोन सिनेमे आम्ही किती वेळा पाहिले याचा हिशोब नाही. आणि पहिली वीसेक वर्षं हे आम्ही कुणाला सांगितलंही नाही. गंमत आवडली हे समजण्यासारखं आहे. पण त्या गंमतीला चिकटलेली ही लाज कुठून आली? तिलाही एक इतिहास आहे, आणि तो सिनेमाच्या आधी सुरू होतो.

स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं सरकार होतं. अश्लीलता वाढली म्हणून त्या सरकारने तमाशावर बंदी घातली. हजारो कलावंतांच्या पोटावर पाय आला. पुढे बंदी उठली, पण वगाची संहिता आधी तपासून घ्यायची अट आली. जो वग मंचावर उभ्याउभ्या रंगायचा, तो आता कागदावर लिहून मंजूर करून घ्यायचा. याच काळात 'लोकनाट्य' हा शब्द रुळला. अण्णाभाऊ साठे यांनी तो चळवळीसाठी वापरला, पुलंनी 'पुढारी पाहिजे' लिहिलं, आणि शहरी मध्यमवर्गाला एक सोय झाली. गण, गवळण, बतावणी, वग, सगळं तेच. पण तमाशाला जातो म्हणणं जड, लोकनाट्याला जातो म्हणणं सोपं. आनंद तोच ठेवून नाव बदललं की अपराधी वाटत नाही, हे आम्ही मराठी माणसांनी तेव्हाच शिकून घेतलं, बरं का.

या सोयीच्या दारातूनच दादा आले. जन्म १९३२ चा, गिरणगावात, नायगावच्या चाळीत वाढलेले. बँडपथक, सेवा दलाचं कलापथक, 'अपना बाजार'मधली नोकरी असं करत करत ते रंगभूमीवर आले. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याने त्यांचं नाव घरोघरी गेलं. तोवर आमच्या वर्गाची काहीच तक्रार नव्हती. आमचे प्राध्यापक 'विच्छा'ला सहकुटुंब जात. भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'तून १९६९ साली दादा पडद्यावर आले, आणि १९७१ साली त्यांनी स्वतः 'सोंगाड्या' काढला. दिग्दर्शक गोविंद कुलकर्णी, लेखक पुन्हा सबनीसच. दादरच्या कोहिनूर थिएटरात देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचा की 'सोंगाड्या', यावरून शिवसेना रस्त्यावर उतरली, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. दादांचे नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले, म्हणजे सलग पंचवीस आठवडे चालले. त्याची नोंद गिनीज बुकात झाली.

मग लाज का सुरू झाली? लेखक तोच, नट तोच. बदललं होतं ते शेजारच्या खुर्चीतलं माणूस. नाट्यगृहात शेजारी डॉक्टर नाहीतर वकील असायचे. सिनेमाच्या खालच्या वर्गात हमाल, गिरणी कामगार, बाजाराला आलेले शेतकरी. ते मोकळ्या गळ्याने हसत, शिट्ट्या मारत. त्यांच्याच विनोदाला आपणही तेवढंच हसतो, हे आम्हाला कबूल करवत नव्हतं.

आता 'सोंगाड्या'ची गोष्ट बघा. नाम्या हा साधाभोळा पोरगा तमाशाच्या नादी लागतो. त्याच्या आईला, म्हणजे रत्नमालाबाईंना, ते मुळीच खपत नाही. पोरगा तमाशाच्या बोर्डावर उभा राहिला हे कळल्यावर ती त्याला घराबाहेर काढते. म्हणजे गिल्टी प्लेझर हाच या सिनेमाचा विषय आहे! आम्ही घरच्यांना चुकवून जो सिनेमा बघत होतो, त्यात एक पोरगा आईला चुकवून तमाशा बघत होता. तत्त्वज्ञानात एम.ए. करत असताना हे आमच्या लक्षात आलं नाही, यावरून त्या शिक्षणाबद्दल काय ते समजा.

१९७५ साली आम्ही एका तालुक्याच्या गावी नवखे लेक्चरर होतो. 'पांडू हवालदार' लागला. दिवे मालवल्यावर आम्ही आत शिरलो. मध्यंतरात दिवे लागले, तर पुढच्या रांगेत मफलर गुंडाळून आमचे विभागप्रमुख! महिना मे. त्यांनी आम्हाला पाहिलं, आम्ही त्यांना पाहिलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये ते म्हणाले, "काल तब्येत बरी नव्हती." आम्ही म्हणालो, "आमचीही." पुढे अनेक वर्षं एकत्र काम केलं, पण त्या विषयावर दोघांपैकी कुणी शब्द काढला नाही. आज वाटतं, केवढा आनंद आम्ही दोघांनी वाया घालवला!

बरं, द्व्यर्थी बोलणं आमच्या भाषेला नवीन आहे का? एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो, सासू छळते. वर संसार, आत परमार्थ. दादांच्या विनोदात उलट आहे. वर भाबडेपणा, आत चावटपणा. पण दोन्हीकडे दुसरा अर्थ सांगणारा सांगत नाही, ऐकणारा लावतो. सेन्सॉरची पंचाईत इथेच होती. पडद्यावर जे म्हटलेलंच नाही ते कापणार कसं? आणि आमचीही पंचाईत तीच. घाण शब्द कुणी उच्चारलाच नव्हता. तो आमच्याच डोक्यात होता. पंडिताने केला तर श्लेष आणि हवालदाराने केला तर अश्लील, असा आमचा न्याय होता.

पुन्हा पुन्हा का बघतो, हाही प्रश्न आहे. कांट म्हणतो, ताणलेली अपेक्षा एकदम फुस्स झाली की हसू येतं. पण विसाव्या वेळी कसली अपेक्षा? संवाद तोंडपाठ असतात. आम्हाला वाटतं, दुसऱ्यांदा पाहताना आपण विनोद ऐकत नाही, तो कसा टाकला ते ऐकतो. दादांचं थांबणं, अशोक सराफांनी 'पांडू'त दुसऱ्या हवालदाराचा उभा केलेला तोरा. कीर्तनाला बसलेल्यांना गोष्ट ठाऊक नसते थोडीच? आणि आणखी एक. सिनेमा जिथल्या तिथे राहतो, आपण हललेलो असतो. किती हललो ते त्याच्याजवळ परत गेल्यावर कळतं.

याचा एक अनुभव सांगून थांबतो. आमच्या सौभाग्यवतींना आम्ही हे सिनेमे कधी दाखवले नाहीत. "ते बायकांचे नाहीत," असं सांगत असू. खरं तर जत्रेतल्या तंबूत याच सिनेमांना बायका पदर तोंडाशी धरून पुरुषांपेक्षा जास्त हसताना आम्ही स्वतः पाहिल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात घरी बसून आम्ही दोघांनी दादांचे तीन-चार सिनेमे ओळीने पाहिले. 'पांडू'ला ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग म्हणाली, "अहो, मग तेव्हा का नेलं नाहीत मला?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे ऐंशीच्या दशकातला एक सिनेमा लावला. एका प्रसंगात विनोद बाईच्या अंगावरच बेतलेला. तिला स्वतःला बोलायला एक वाक्य नाही. हिचं हसू थांबलं. तिने ताटली ओढून शेंगा सोलायला घेतल्या. "काय झालं?" म्हटलं. "काही नाही. इथे नाही येत हसू." त्याच प्रसंगाला आम्ही पूर्वी बिनदिक्कत हसलो होतो. तेव्हा चोरी वाटली ती कुणी ओळखीचं बघेल याची. त्या पडद्यावरच्या बाईचा विचार एकदाही मनात आला नव्हता.

म्हणजे मंडळी, पन्नास वर्षं आम्ही अपराधी वाटून घेतलं, पण चुकीच्या जागी. हमालाच्या शेजारी बसून हसलो यात लाजण्यासारखं काहीही नव्हतं. जिथे खरंच थबकायला हवं होतं, तिथे आम्ही टाळी दिली. तेव्हा तुमचा जो कुठला चोरटा सिनेमा असेल, तो जरूर पुन्हा बघा. फक्त एकट्याने बघू नका. ज्याला तेव्हा बरोबर नेलं नव्हतं, त्याला शेजारी बसवा, आणि ते माणूस कुठे हसायचं थांबतं तिकडे लक्ष ठेवा.

'पांडू' आमच्याकडे अजून लागतो. आता मफलर लागत नाही.

प्रश्न घेऊ या.