नावडाटोलीच्या गारेची ओळख

इंदूरहून महेश्वरला जाणाऱ्या मराठी माणसाचे लक्ष अहल्याबाईंच्या घाटाकडे जाते. समोर, नर्मदेच्या दक्षिण तीरावर असलेल्या नावडाटोलीकडे सहसा जात नाही. १९५२-५३ मध्ये व पुन्हा १९५७ ते १९५९ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. या लोकांना तांबे ठाऊक होते. तरी कापण्या-सोलण्यासाठी ते दगडाचीच पाती वापरीत.

हा दगड कोणता? व्यवहारात आपण अशा सर्वच दगडांना गारगोटी म्हणतो. अभ्यासकास मात्र भेद करावा लागतो. चर्ट आणि कॅल्सेडनी ही दोन्ही सिलिकाचीच सूक्ष्मस्फटिकी रूपे. परंतु चर्ट अपारदर्शक असतो, तर कॅल्सेडनीच्या पातळ कडेतून उजेड झिरपतो. रंगावर विसंबू नये. जमिनीत पडून तो पालटतो.

नावडाटोलीची पाती मुख्यतः कॅल्सेडनीची आहेत. माळव्याच्या काळ्या खडकातील पोकळ्यांत ती तयार होते आणि खडक झिजला की गोट्यांच्या रूपाने नदीपात्रात येते. उलट, हडप्पा संस्कृतीची लांब पाती ज्या चर्टची, तो सिंधमधील रोहरीच्या चुनखडकात सापडतो.

पाते रोहरीच्या चर्टचे ठरले, तर दूरच्या दळणवळणाचा विचार करावा लागेल; कॅल्सेडनीचे ठरले, तर कारागीर आपल्याच परिसरातील गोटे वेचीत होता, असे मानणे सयुक्तिक होईल. म्हणून संग्रहालयातील चिठ्ठीवर नुसते ‘गारगोटी’ लिहून भागत नाही.