माहितीचा अधिकार आणि आपल्या परिसरातील उद्योग-व्यवसाय

आपल्या भागात माहितीच्या अधिकाराबद्दल दोन समजुती नेहमी कानावर येतात. एक अशी, की हा कायदा फक्त सरकारी कचेऱ्यांसाठी आहे, दुकानदार किंवा कारखानदाराचा त्याच्याशी काही संबंध नाही. दुसरी अशी, की अर्ज टाकला की कोणत्याही कंपनीला आपले सगळे कागद दाखवावे लागतात. दोन्ही चुकीच्या आहेत. लोधीखेडा, सौंसर आणि पांढुर्णा भागातील आपल्या सभासदांत शेतकरी आहेत, व्यापारी आहेत, ठेकेदार आहेत आणि कारखान्यांत नोकरी करणारेही आहेत. म्हणून दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल अशी माहिती येथे एकत्र देत आहोत.

कायदा कोणाला लागू आहे

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. तो 'लोक प्राधिकरणांना' लागू आहे. नगर परिषद, ग्रामपंचायत, तहसील कार्यालय, कृषी उपज मंडी हे सगळे त्यात येतात. सरकारी मालकीच्या कंपन्याही येतात. नागपूरला मुख्यालय असलेल्या मॉयल आणि वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपन्यांना स्वतःचे जन माहिती अधिकारी नेमावे लागतात, आणि अर्जाचे उत्तर त्या स्वतः देतात.

खासगी कंपनीकडे थेट अर्ज करता येत नाही. मात्र कलम २(च) प्रमाणे, दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली सरकारी खात्याला खासगी संस्थेकडून जी माहिती मागवता येते, ती त्या खात्यामार्फत नागरिकालाही मागता येते. कारखान्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाला किंवा खाणमालकाने खनिज विभागाला दिलेले विवरण या मार्गाने मिळू शकते.

सहकारी संस्थांचा प्रश्न बराच काळ वादात होता. केरळमधील थलप्पलम सेवा सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले की केवळ सहकार कायद्याखाली नोंदणी झाली म्हणून संस्था लोक प्राधिकरण ठरत नाही. पण निबंधकाला कायद्याने जी माहिती मागवता येते, ती निबंधकाकडून घेता येते. सरकारकडून भरीव अर्थसाहाय्य घेणाऱ्या खासगी संस्थांची गोष्ट वेगळी. २०१९ साली डी.ए.व्ही. महाविद्यालयाच्या खटल्यात न्यायालयाने अशा अनुदानित संस्थांना कायदा लागू होतो असे ठरवले.

अर्ज न करताही खुली असणारी माहिती

अनेक बाबी उद्योगांना किंवा खात्यांना आपणहून खुल्या ठेवाव्या लागतात. त्यासाठी अर्जाची वाट पाहण्याची गरज नाही.

* पर्यावरण मंजुरी : २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मंजुरी मिळाल्याची जाहिरात उद्योगाने स्थानिक वृत्तपत्रांत द्यायची असते. मंजुरीची प्रत पंचायत किंवा नगर परिषदेकडे जाते आणि तिने ती ३० दिवस लावून ठेवायची असते. अटींच्या पालनाचा अहवाल उद्योगाने दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो, आणि तो सार्वजनिक दस्तऐवज मानला जातो.
* सांडपाणी : १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २५ प्रमाणे कारखान्याला घातलेल्या अटींची नोंदवही मंडळाकडे असते. त्या सांडपाण्याची झळ ज्याला बसते त्याला ती पाहता येते.
* धोकादायक रसायने : डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळमध्ये वायुगळती झाली, तेव्हा शेजारच्या वस्तीला कोणता वायू आहे आणि काय करावे याची माहिती नव्हती. त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात कलम ४१-ख आले. धोक्याची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या लोकांना देणे कारखानदारावर बंधनकारक झाले. आताच्या २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेतही हे बंधन आहे.
* रेशन दुकान : राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम २७ प्रमाणे वितरणाच्या नोंदी लोकांना पाहण्यासाठी खुल्या असतात.
* कंपनीचे ताळेबंद : कंपनी निबंधकाकडे भरलेली सार्वजनिक कागदपत्रे ठरलेले शुल्क भरून कोणालाही पाहता येतात.

आपल्या नावाची नोटीस आली तर

नगर परिषदेला माल पुरवणारा, सरकारी रस्त्याचे काम करणारा किंवा परवाना घेऊन धंदा करणारा प्रत्येक जण कायद्याच्या भाषेत 'पर पक्ष' ठरू शकतो. आपण गोपनीय म्हणून दिलेली माहिती कोणी मागितली आणि ती देण्याचा अधिकाऱ्याचा विचार असेल, तर अर्ज आल्यापासून ५ दिवसांत त्याने आपल्याला कलम ११ ची नोटीस द्यायची असते. नोटीस मिळाल्यापासून १० दिवसांत आपले म्हणणे द्यायचे असते. अंतिम निर्णय ४० दिवसांत होतो, आणि तो मान्य नसेल तर आपल्यालाही अपील करता येते.

आमच्या एका सभासदाने अशी नोटीस कोर्टाची समजून घाबरून कपाटात ठेवून दिली. दहा दिवस निघून गेले. बिलांच्या प्रती अर्जदाराला मिळाल्या, त्यात बँक खात्याचा क्रमांकही गेला. त्यांनी वेळेवर चार ओळी लिहिल्या असत्या, तर कलम १० प्रमाणे तेवढा भाग झाकून बाकी कागद देता आले असते. दर आणि रक्कम मात्र झाकता आली नसती, कारण पैसा लोकांचा होता.

उत्तर देताना नुसते 'माहिती देऊ नये' असे लिहू नये. कोणता कागद, कोणता भाग आणि का, हे स्पष्ट लिहावे. व्यापारी गुपित किंवा स्पर्धेत नुकसान होईल अशी माहिती कलम ८(१)(घ) खाली राखून ठेवता येते. वैयक्तिक माहितीचे कलम ८(१)(ञ) नोव्हेंबर २०२५ पासून अधिक कडक झाले आहे. तरीही जनहित मोठे असेल तर कलम ८(२) प्रमाणे अधिकारी माहिती देऊ शकतो. खाते कागद मागते तेव्हा गोपनीय पानांवर तसे आधीच लिहून ठेवणे, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आपल्या फायलीत ठेवणे, या दोन सवयी छोट्या धंद्याला पुरेशा आहेत.

अर्ज करणाऱ्यांसाठी

आपण सीमेवर राहतो, त्यामुळे नियमांतील फरक लक्षात ठेवावा. अर्जाचे शुल्क मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि केंद्र सरकार, तिन्हीकडे १० रुपये आहे. पहिल्या अपिलाला मध्य प्रदेशात ५० रुपये आणि दुसऱ्याला १०० रुपये लागतात. महाराष्ट्रात अपिलाला २० रुपये लागतात, केंद्राकडे काहीच नाही. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला माहितीसाठी शुल्क नाही.

भाषेचाही प्रश्न येतो. कायद्याप्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करता येतो. म्हणून नागपूरच्या राज्य कार्यालयात मराठी अर्ज चालतो, पण सौंसर किंवा पांढुर्ण्याच्या कार्यालयात तो हिंदीत लिहावा. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांची तोंडी मागणी लिहून घेण्यास मदत करणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. घरातील वडीलधाऱ्यांना हे जरूर सांगावे.

उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवण्याची जबाबदारी त्या कार्यालयाची आहे. 'कारखान्याची सर्व माहिती द्यावी' असे लिहिल्यास हाती काही लागत नाही. 'अमुक वर्षाचा सांडपाणी तपासणी अहवाल आणि संमतीपत्राची प्रत' असे नेमके मागावे.

शेजारच्या धंद्याशी असलेले भांडण काढण्यासाठी अर्ज करू नये, अशी आमची सर्वांना विनंती आहे. नाल्याचे पाणी, विहिरीचे पाणी, मजुरी आणि रेशन यांसाठी मात्र संकोच न करता अर्ज करावा.